मधला चौक टाळणाऱ्या वाटा

सोमवार, २ फेब्रुवारी

स्वस्ति! श्रीमन्मेरुप्रस्तारसिंहासनाधीश्वर, द्विपदसहगुणकचक्रवर्ती, सकलपूर्णांकपरिवारपालक, खडूचूर्णविभूषित, काचफलकैकवीर, गणित विभागातील खिडकीकडच्या दुसऱ्या टेबलाचे निर्विवाद स्वामी — म्हणजे मी — आज सकाळी साडेदहा वाजता पदच्युत झालो.

कारण लिहून ठेवतो. निदान कागदाला तरी कळेल. आमच्या विभागाच्या दाराबाहेर काचेचा एक फलक आहे. त्यात दर सोमवारी संख्यांची एक क्रमिका लागते. चार-पाच संख्या, पुढे प्रश्नचिन्ह. पुढची संख्या विद्यार्थ्यांनी ओळखायची. त्या काचेची किल्ली पंधरा वर्षे माझ्या खिशात होती. आज विभागप्रमुखांनी ती मागून घेतली. "सर, तुमच्या क्रमिका फार भारदस्त हो! मुलं काचेपाशी थांबतात ती केस विंचरायला."

आणि किल्ली दिली कोणाला? अर्थात त्यालाच!

तो म्हणजे डिसेंबरात रुजू झालेला आमचा नवा सहाध्यापक. वय चौतीस. केस सर्वच्या सर्व मूळ जागी. त्याचे नाव या पानावर येणार नाही. येथे तो 'मध्यबिंदू'. उपाधी शुद्ध भौमितिक आहे. आमच्या भागातले रस्ते पट्टीने आखल्यासारखे उभे-आडवे. महाविद्यालयाच्या फाटकापासून माझ्या घरापर्यंत पूर्वेला सहा टप्पे आणि दक्षिणेला सहा. या दोहोंच्या बरोबर मध्ये, तीन पूर्व तीन दक्षिण अशा चौकात, या गृहस्थाने घर भाड्याने घेतले आहे. सबंध शहरात याला दुसरा कोपरा मिळाला नाही!

मंगळवार, ३ फेब्रुवारी

फलकावर त्याची पहिली क्रमिका लागली. १, २, ६, २०, ७०, ?

मेरुप्रस्ताराचा मधला कणा! (इतर जन त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात; म्हणोत. वरच्या दोन शेजारी संख्यांची बेरीज करून खालची लिहायची, आणि उतरत जायचे.) अगदीच बाळबोध. काचेपुढे सतरा विद्यार्थी उभे होते. मी मुद्दाम मोजले नाहीत. दिसले.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज विश्वासघात झाला. सविस्तर लिहिणे भाग आहे.

पत्नी याच महाविद्यालयात भूगोल शिकवते; म्हणून या रोजनिशीत ती 'भूगोल'. चार वर्षांपूर्वी मुलगी शिकायला परगावी गेली. घर इतके शांत झाले, की तेथे लवकर पोहोचण्याचे काही कारणच उरले नाही. तेव्हा आम्ही दोघांनी एक नेम धरला. संध्याकाळी पायीच घरी यायचे, पण रोज नव्या वाटेने. मागे फिरायचे नाही. प्रत्येक चौकात फक्त पूर्व किंवा दक्षिण. टप्पे एकूण बारा. त्यांतले पूर्वेचे सहा कोणते, एवढेच निवडायचे. बारांतून सहा निवडण्याचे प्रकार नऊशे चोवीस. म्हणून वाटाही नऊशे चोवीस. हा आकडा मी तिला प्रथम सांगितला तेव्हा ती स्वयंपाकघरात उलथने हातात घेऊन उभी होती. "अय्या! इतक्या?" असे म्हणाली होती. उलथन्यावरून तेल ठिबकत होते. मला ते ठिबकणेसुद्धा आठवते.

प्रत्येक वाटेची तिने एक चिठ्ठी केली. पू, द, पू, पू, द... अशी बारा अक्षरे. सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या मोठ्या डब्यात भरल्या. रोज सकाळी ती डोळे मिटून एक काढते. निघेल त्या वाटेने जायचे. तक्रार चालत नाही. चालून झालेली चिठ्ठी फाडायची. डबा आता निम्म्याच्या खाली आला आहे.

आजची चिठ्ठी मधल्या चौकातून जाणारी निघाली. मध्यबिंदू दारातच उभा. "सर! मॅडम! या ना, चहाच टाकतोय." मी 'उशीर होतो' हे वाक्य तोंडात जुळवेपर्यंत भूगोल आत पोहोचलीदेखील! घरात बसायला काही नाही. पुस्तकांची खोकी अजून उघडायची आहेत. ती एका खोक्यावर अशी काही विसावली, जणू ते तिच्यासाठीच बांधून आणले होते.

आणि तिने त्याला आमचा नेम सांगून टाकला. चिठ्ठ्या, डबा, सर्व!

"सहा-सहा टप्पे?" तो म्हणाला. "म्हणजे नऊशे चोवीस वाटा!" ओठसुद्धा हलवले नाहीत त्याने मोजताना.

आणि भूगोल म्हणाली, "अय्या! इतक्या?"

तेच शब्द. तोच स्वर. फक्त तेल ठिबकत नव्हते!

परतताना मी म्हटले, "त्याला कशाला सांगितलंस?"

"अहो, चालतो आपण. दरोडे नाही घालत."

"आणि अय्या कशाला?"

"कसलं अय्या?"

तिला आठवतसुद्धा नाही. चहा पाणचट होता. हे वस्तुनिष्ठ मत आहे. त्याचा वरील मजकुराशी संबंध नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

भूगोलने आज आपल्या कपाटातून नद्यांचे दोन जुने नकाशे काढून मध्यबिंदूला नेऊन दिले, त्याच्या रिकाम्या भिंतीसाठी. माझ्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घालायला जाड कागद मी तिच्याकडे दोन वर्षे मागतो आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काचेत आज हे:

४, ३६, ४००, ?

शेजारी चित्र. उभ्या-आडव्या गल्ल्या, मध्ये एक घर, आणि दोन आकृत्या चालत आहेत. एक उंच, छत्री काखेत धरलेली. एक ठेंगणी, पर्स घेतलेली. बारा महिने छत्री काखेत धरणारा मनुष्य या महाविद्यालयात एकच आहे. खाली सुवाच्य अक्षरांत: 'घरी जाण्याच्या किती वाटा मधल्या चौकातून जातात?'

गणित निर्दोष आहे, हे लिहावे लागते. फाटकापासून मध्यापर्यंत सहा टप्पे, त्यांतले तीन पूर्वेचे. निवडीचे प्रकार वीस. मध्यापासून घरापर्यंत पुन्हा वीस. वीस गुणिले वीस म्हणजे चारशे. गाव दोन-दोन टप्प्यांचे असते तर चार, चार-चारचे असते तर छत्तीस. गेल्या आठवड्याच्या २, ६, २० यांचेच हे वर्ग! पुढची संख्या सत्तरचा वर्ग, चार हजार नऊशे. एका आठवड्याची क्रमिका दुसऱ्या आठवड्याच्या पोटातून काढायची, ही कल्पना मला पंधरा वर्षांत सुचली नाही. हे वाक्य नंतर खोडावे.

पण गणित बाजूला राहू दे. त्या चारशे वाटा कोणाच्या? आमच्या! कोणाच्या दारावरून? त्याच्या! आमच्या चार वर्षांच्या संध्याकाळी काचेत टांगल्या आहेत, आणि त्यांवर मालकी त्याच्या उंबरठ्याची. वर्गात शिरलो तर मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजले, "सर आज कुठून?" सगळा वर्ग खुसखुसला. मी तासभर काय शिकवले ते माझ्या लक्षात नाही. त्यांच्याही नसेल.

भूगोलला मी दुखावल्या आवाजात सांगितले. ती काचेपुढे बराच वेळ उभी राहिली. माझ्या बाजूने काहीतरी बोलेल असे वाटले.

"छत्री छान काढलीय," म्हणाली.

रविवार, १५ फेब्रुवारी

आठवड्यात तीन चिठ्ठ्या मधल्या चौकाच्या निघाल्या. तीनही वेळा चहा. नद्यांविषयी संभाषण, तेही त्रिभुज प्रदेशापर्यंत! भूगोल त्याला विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" मला तिने शेवटचे 'तुम्हाला काय वाटतं' विचारले ते पडद्यांच्या रंगाविषयी, आणि रंग आधीच ठरलेला होता.

आज ती मैत्रिणीकडे गेली असता एक कृत्य केले.

डबा घेऊन जमिनीवर बसलो. वाट मधल्या चौकातून जाते की नाही, हे ओळखणे सोपे असते. पहिली सहा अक्षरे पाहायची. त्यांत 'पू' नेमके तीन असले, तर वाट मधून जाते. नाही तर नाही. एकेक चिठ्ठी पाहिली आणि मधून जाणाऱ्या सर्व वेगळ्या काढल्या. सत्तावीस वर्षे परीक्षांवर पर्यवेक्षण केलेल्या मनुष्याला नक्कल करताना कसे वाटते, ते आज समजले. वाईट वाटत नाही! घाई मात्र वाटते.

गठ्ठ्याला दोरा बांधला आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या ढिगात ठेवला. तेथे कोणीही हात घालत नाही. विद्यार्थ्यांनीही लिहिताना फारसा घातला नव्हता.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दोन दिवस, दोन चिठ्ठ्या, दोन्ही चौकाच्या वळणापासून दूर. काल पूर्वेचे चार टप्पे सलग, आज दक्षिणेचे पाच. हवा आल्हाददायक. मन प्रसन्न. मला बऱ्याच दिवसांनी गुणगुणावेसे वाटले. भूगोल म्हणाली, "हळू चला हो." म्हणजे गुणगुणणेही जलद झाले असावे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सहा दिवस, सहा वाटा, मध्यबिंदू एकदाही नाही. विजय संपूर्ण व्हायला हवा होता.

पण भूगोल रेंगाळते! सहा-सात टप्पे झाले की कोणत्या ना कोणत्या दुकानापुढे उभी राहते. परवा नळाच्या तोट्या पाहत होती. दहा मिनिटे! तोट्यांत पाहण्यासारखे काय असते? काल शिंप्याच्या दुकानापुढे थांबली. दुकान बंद होते. बंद दाराकडे पाहत थांबली! आज माझा दंड धरला. रस्त्यात. सर्वांदेखत. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने रस्त्यात माझा दंड धरल्याची ही पहिलीच नोंद. अपराधी मन असा आधार शोधते, हे कोणीही सांगेल.

आणि मग, घर चार टप्प्यांवर असताना, अगदी सहज आवाजात: "सोमवारी कसलीही चिठ्ठी निघू दे, मधून जाऊ या ना."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

तिने माझा दंड सोडला.

रविवार, २२ फेब्रुवारी

मुलीचा फोन. मी तिला वस्तुस्थिती, केवळ वस्तुस्थिती, पाऊण तास सांगितली.

"बाबा, तुम्ही जळताय."

"मी निरीक्षण करतो आहे."

"जळत जळत करताय. आईला सरळ विचारा ना!"

ही पिढी अशीच. पुरावा गोळा करण्याआधीच साक्षीदाराला प्रश्न विचारायला निघते.

सोमवार, २३ फेब्रुवारी

मध्यबिंदू सकाळी माझ्या टेबलाशी आला. किल्ली पुढे केली. "सर, या आठवड्याला तुमची क्रमिका लावू या ना. मुलं विचारतात, मोठ्या सरांची का येत नाही."

मुले विचारत नाहीत. मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे, मुलांना तर ठाऊक आहेच. हे औदार्य! समोरच्याला खाली बसवायचे आणि वर उशीही आपणच द्यायची! मी किल्ली घेतली. आभार मानले नाहीत. मान किंचित हलवली. तिचा अर्थ त्याने हवा तो घ्यावा.

काचेत लावले:

२, ३४, ५२४, ?

चित्र नाही. सूचना नाही. एकही शब्द नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

कोणालाही आले नाही! एकाने उत्तर दिले 'आठ हजार चौदा'. कसे, ते त्यालाही सांगता येईना. एकीने विचारले, "सर, यात काही नियम आहे का, की तुम्ही रागाने लिहिलंय?" मुलगी हुशार आहे. तिच्यावर लक्ष ठेवले पाहिजे.

रहस्य या पानाला सांगतो. गाव दोन-दोन टप्प्यांचे असेल तर वाटा सहा. त्यांतून मधल्या चार वजा करा, दोन उरतात. चार-चारचे असेल तर सत्तर वजा छत्तीस, चौतीस. आमच्या गावात नऊशे चोवीस वजा चारशे, पाचशे चोवीस. पुढची संख्या सात हजार नऊशे सत्तर. अर्थात — या गृहस्थाचे दार टाळून घरी जाण्याच्या सर्व वाटा!

दुपारी विभागात आम्ही दोघेच होतो. तो काचेपाशी गेला, परत आला, माझ्या समोरच्या खुर्चीत बसला.

"सर, मला उत्तर आलंय. लिहू का खाली?"

"नको."

तो थोडा वेळ पेनचे टोपण काढत-लावत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझं काही चुकलं का सर?"

मी म्हणालो, "वजाबाकीत कोणाचं काय चुकणार!" आणि पेपर तपासू लागलो. हाताखाली कोरा पेपर होता. तो तपासला. शून्य गुण दिले.

त्याचा चेहरा पाहून क्षणभर लाज वाटली. क्षणभरच. इतका सज्जन मनुष्य दुसऱ्याच्या बायकोला आवडणार नाही तर काय होईल!

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सर्व संपले.

जेवणाच्या सुट्टीत भूगोल डबा घेऊन आमच्या विभागात आली. येताना काच वाचून आली. समोर बसली, डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला.

"दोन, चौतीस, पाचशे चोवीस," ती म्हणाली.

"अजून कोणाला आलं नाही," मी अभिमानाने म्हणालो. किती मूर्ख असावे मनुष्याने!

"त्याचे चार, छत्तीस, चारशे होते ना?" तिने घास घेतला. शांतपणे चावला. "चारशेत पाचशे चोवीस मिळवले की आपला चिठ्ठ्यांचा डबा होतो."

"योगायोग."

"आज सकाळची धरून अकरा चिठ्ठ्या काढल्या. एकही मधून नाही. जवळजवळ निम्म्या मधून जायला हव्यात, तुम्हीच सांगितलं होतंत. नाणं अकरा वेळा एकाच बाजूला पडलं, तर मी नशिबाकडे नाही बघत. मी नाणं बघते." मग डोळे वर करून: "कुठं ठेवल्यात?"

"उत्तरपत्रिकांत."

ती हसेल असे वाटले. एरवी हसली असती.

"माझ्यावर संशय घेतलात, ते एक वेळ मी हसण्यावारी नेलं असतं. पण डब्यात हात घातलात! चार वर्षं मी डोळे मिटून चिठ्ठी काढतेय. एकदा तरी फटीतून बघितलं असेल मी?"

मी म्हणालो, "तू त्याच्याकडे जाऊ या म्हणालीस."

"म्हणाले. विचारलंत का, का?"

"का?"

"आता नाही सांगणार," असे म्हणून तिने डब्याचे झाकण लावले. "आणि आजपासून मी माझी येईन. तुम्ही तुमचे या. पाचशे चोवीस वाटा आहेत ना तुमच्या!"

सारे आयुष्य मी वर्गाला सांगत आलो, की मांडणी अशी करा की वाचणाऱ्याला सगळे दिसले पाहिजे. केली. दिसले. मत्सर काचेत लावणारा मी पहिलाच असेन. इतरांना तेवढे तरी कळते.

सोमवार, २ मार्च

एकटा चाललो. चिठ्ठी नाही, आपोआप पहिले सहा पूर्वेचे, मग सहा दक्षिणेचे. सर्वांत कंटाळवाणी वाट. दोन माणसांनी चालायच्या वाटा एकाने चालल्या तर त्या धरायच्या की नाही, हा प्रश्न विचारायला कोणी नव्हते.

बुधवार, ४ मार्च

निष्कर्ष काढणे मला भाग आहे. भूगोल माझ्यापाठोपाठ फाटकाबाहेर पडते. सर्व वाटा सारख्याच लांबीच्या. मी घरी पोहोचल्यावर ती अर्ध्या तासाने पोहोचते. वाट वाढू शकत नाही, म्हणून थांबा वाढला आहे. थांबा कोठे? इति सिद्धम्!

घरात बोलणे चालू आहे. मीठ, वीजबिल, दूध. "अहो" अजून आहे. त्याच्यापुढे मात्र काही येत नाही.

शुक्रवार, ६ मार्च

पुरावा मिळाला. डोळ्यांनी.

तास लवकर संपवून मधल्या चौकात गेलो. त्याच्या घरासमोर झेरॉक्सचे दुकान आहे. आत यंत्राच्या आडोशाला उभा राहिलो. मध्यबिंदू आज सहापर्यंत परीक्षेच्या पर्यवेक्षणावर. सूचनाफलकावर वाचून आलो होतो. म्हणजे घराला कुलूप. म्हटले, आज तरी ती थांबणार नाही. आज माझा संशय खोटा ठरावा, असे मला मनापासून वाटले — हे येथे नोंदवून ठेवतो.

ती आली. सावकाश, कठड्याला हात लावत. त्याच्या ओट्यावर एक वेताची खुर्ची आहे, पूर्वी नव्हती. ओटा चढली आणि खुर्चीत बसली, जणू रोजचीच जागा! कुलूप दिसत असूनही! एक चप्पल काढली. पाय समोरच्या कुंडीवर ठेवला. दोन्ही हात गुडघ्यावर दाबून डोळे मिटून बसली. पाच मिनिटे. दहा मिनिटे. इतकी तल्लीन!

"साहेब, किती प्रती?" दुकानदाराने विचारले.

"एक."

"कशाची?"

माझ्याजवळ काहीच नव्हते. छत्री होती. शेवटी ओळखपत्राची प्रत काढली. फोटोत मी हसतो आहे.

बंद दारापुढे बसून कोणी अशी वाट पाहावी! सव्वीस वर्षांत माझी कोणी अशी वाट पाहिली नाही. उद्या सरळ विचारणार.

गुरुवार, १२ मार्च

पाच दिवस लिहिता आले नाही.

शनिवारी विचारले. वाक्य आधी घोटून ठेवले होते. "त्या ओट्यावर तू कोणाची वाट पाहतेस?"

"गुडघ्याची," भूगोल म्हणाली. "तो हो म्हणेपर्यंत."

जानेवारीपासून! डॉक्टरांना एकटीच दाखवून आली. बारा टप्पे सलग होत नाहीत, सहा होतात. मग बसावे लागते, मग पुढचे सहा. बरोबर सहाव्यावर ते घर आहे, एवढेच. एकदा ती पायरीवर बसलेली त्याला दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची आणून ठेवली आणि कोणाला काही सांगितले नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात गाडी उभी केली असतीत. मग कसलं चालणं!"

केली असती. तोट्या पाहत ती उभी राहिली, ती माझ्याबरोबर चालता यावे म्हणून.

उत्तरपत्रिकांतला गठ्ठा काढून डब्यात ठेवला, आणि डब्यातल्या बाकी सर्व चिठ्ठ्या बाहेर काढल्या. त्या वाटा आता आम्ही चालणार नाही. माझ्या मत्सराची एकूण बचत: चार-पाच संध्याकाळी. एरवी त्या अकरा दिवसांत मधल्या तेवढ्या वाटा चालून संपल्या असत्या.

सोमवारपासून रोज मधल्या चौकात थांबतो. पण ओट्यावर खुर्ची एकच! भूगोल बसते, मध्यबिंदू दाराला टेकून तिच्याशी नद्यांविषयी बोलतो, आणि मी पर्स, डबा आणि छत्री सांभाळत कुंडीशेजारी उभा. दुसऱ्या खुर्चीचे विचारले. "बघतो सर," म्हणाला. चार दिवस बघतो आहे. घरून स्टूल नेतो म्हटले, तर भूगोल म्हणते, "शोभतं का ते!" मग मी बसायचे कोठे?